खोटं पडलेलं मला कळतं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा आवाज आज जरा चढलेला वाटेल. मी ज्युदोच्या वर्गातली एक जुनी गादी आहे. बारा वर्षं माणसं माझ्यावर धपाधप पडताहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याचसाठी तर मला बनवलं. माझं दुखणं वेगळंच आहे, आणि ते आता सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. स्पंजचे तुकडे दाबून दाबून त्यांची जाड लादी केली, वर हिरवं रेक्झिन चढवलं आणि खाली रबर लावलं, म्हणजे मी जमिनीवर सरकू नये. एका कामगाराने माझ्यावर उडी मारून पाहिली आणि "चालेल" म्हणाला. तेवढंच काय ते माझं कौतुक. मग माझ्यासारख्या चाळीस जणींना एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आणून शेजारी शेजारी मांडलं. खाली यंत्रं चालू झाली की आमच्या पोटात दिवसभर गुरगुर चालायची.

त्या हॉलचे हाल काय सांगू! संध्याकाळी ज्युदो, आणि सकाळी कोणाच्या ना कोणाच्या सभा. लोक खुशाल बूट घालून यायचे आणि माझ्या अंगावर लोखंडी खुर्च्या मांडायचे. खुर्चीच्या पायांनी मला सहा भोकं पडली आहेत. चहाचे डाग तर मी मोजायचेच सोडून दिले. एकदा तर चक्क कपाट ओढत नेलं माझ्यावरून, आणि माझा कोपरा टरकन फाटला. "जाऊ दे, जुनीच आहे," असं म्हणून ते गेले चहा प्यायला.

पण आमचे मास्तर तसे नव्हते. बुटके, जाडे, आणि बोलायला लागले की खालच्या यंत्रांचा आवाजही ऐकू येत नसे. त्यांनी एक वर्ग सुरू केला, ज्यांना दिसत नाही, ज्यांचा एखादा हात किंवा पाय नाही, अशा माणसांसाठी. मी रांगेत कडेची. म्हणून मास्तरांनी माझ्या काठाला एक दोरी ठेवली आणि वरून चिकटपट्टी मारली. पायाला दोरी लागली की समजायचं, इथे गादी संपली. चाळीस जणींत दोरी लाभलेल्या आम्ही मोजक्याच, आणि मला त्याचा अजूनही तोरा आहे.

त्या वर्गात एक पाय नसलेले काका होते. पहिल्या दिवशी त्यांना जमिनीवरून उठवायला दोघं जण लागले. चौथ्या महिन्यात ते आपले आपण उठले. कोणीतरी सवयीने हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब रे, मध्ये येऊ नकोस. किती सेकंद लागतात ते मोजतोय मी."

आणि एक होती खुर्चीवाली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. एका कारखान्यात ती वेताच्या खुर्च्या विणायची, त्यामुळे बोटं अशी भक्कम की तिने एकदा बाही पकडली की सुटायचं नाव नको. तिचा मोठा भाऊ तिला आणून सोडायचा. जिन्यापासूनच त्याचा आवाज यायचा. "पायरी. आता दुसरी पायरी. सांभाळून, सांभाळून!" माणूस सोन्यासारखा, पण तिचं कोपर असं धरायचा, जणू सोडलं तर ती हवेत उडून जाईल. तिचा कारखाना घरापासून दोन गल्ल्यांवर. चौदा वर्षं तो तिला तिथे नेत होता आणि परत आणत होता. दादा आजारी पडला की तिचीही रजा!

सुरुवातीला ती माझ्यावरून चालायची ती पाय घासत, सगळा भार टाचांवर टाकून, खांदे कानापर्यंत वर. मास्तरांनी तिला आधी पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीला लावायची. हात टेकायचा नाही, टेकला की मनगट गेलं. पाठ गोल करायची आणि पडता पडता तळहाताने गादीवर सपकन मारायचं. हजारदा पडली असेल ती माझ्यावर. आणि मित्रांनो, सहा महिन्यांत तिचं पाऊल बदललं. ते पूर्ण टेकायला लागलं. खांदे खाली आले. पडायची भीती गेली की माणूस कसा चालतो, हे मला कोणी सांगायला नको, ते वजन मी स्वतः पेललंय.

मग ती एक दिवस दादाला म्हणाली, "उद्यापासून कारखान्यात मी एकटी जाते."

"आणि पडलीस म्हणजे?"

"अरे, पडायलाच तर शिकतेय ना इतके दिवस!"

हो नाही करता करता दादा शेवटी म्हणाला, "बरं, नारिंगी पट्टा मिळव. मिळाला की जा एकटी. शब्द देतो."

नारिंगी पट्ट्याच्या परीक्षेत खऱ्या लढतीत एक तरी डाव स्वच्छ लावून दाखवावा लागतो, म्हणजे समोरच्याला पाठीवर पाडावं लागतं. खुर्चीवाली कामाला लागली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक आले. आले ते बूट घालूनच. मास्तरांनी काढायला लावले. खुर्चीवालीला पाहिल्यावर ते हळूच पुटपुटले, "अरेरे, बिचारी." हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं! अहो, त्या बिचारीने हजारदा आपटून घेतलंय. तुम्हाला तरी एकदा जमेल का?

तिच्यासमोर होती आमच्याकडेच ज्युदो शिकणारी एक नर्सबाई. तिला नीट दिसायचं. स्वभावाने मऊ, सगळ्यांना जपणारी. ज्यांना दिसत नाही त्यांची लढत एकमेकांची बाही आणि कॉलर धरूनच सुरू होते, तशी ती सुरू झाली. दोघी माझ्यावर फिरल्या. खुर्चीवालीने पाय आत घातला, कंबर वळवली, ओढलं, आणि नर्सबाई पडली.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. दादाने तर शिटीच वाजवली.

मी मात्र संतापले. कारण मित्रांनो, खरं पडलेलं माणूस पाठीवर येतं. त्याचा एकच आवाज होतो, भरीव. नर्सबाई आधी बसली आणि मग लवंडली. दोन आवाज. ती मुद्दाम पडली होती! आणि माझा आवाज त्यांना ऐकू गेला असता तर मी ओरडले असते.

पण मला ओरडायची गरज पडली नाही. खुर्चीवाली टाळ्या थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "नर्सबाई, तुम्हाला मी पाडलं, की तुम्ही पडलात?"



"अगं, ते... म्हटलं, तुझं एवढं स्वप्न आहे..." नर्सबाई उठत म्हणाली.

परीक्षक म्हणाले, "जाऊ द्या हो. एवढ्या कष्टाने इथवर आलात. पट्टा घ्या आणि घरी जा."

दादा तर कळवळून म्हणाला, "घे की बाई! तुलाच जायचंय ना एकटीला? मी शब्द दिलाय, मी मागे फिरणार नाही."

"दादा, रस्त्यातला खड्डा काय मला बघून बुजणार आहे का?" तिचा आवाज चढला. रागाने, भीतीने नव्हे. "सगळे मला उचलायला टपलेले. अरे, एकदा तरी माझ्याशी खरं वागा ना! मास्तर, परत लढत घ्या. आणि नर्सबाई, या वेळी हात राखून लढलात ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

मास्तरांनी परीक्षकांकडे पाहिलंही नाही. "परत," ते म्हणाले.

या वेळी नर्सबाई खरी लढली. डोळ्यांत पाणी होतं, पण लढली. खुर्चीवालीने दोनदा डाव लावला, दोन्ही वेळा तो थोडक्यात हुकला. तिसऱ्यांदा नर्सबाईनेच तिला उचललं आणि अशी आपटली की खालची यंत्रं क्षणभर थांबली की काय असं मला वाटलं. धप्प! एकच आवाज. पाठ गोल, हनुवटी छातीला, तळहात सपकन माझ्यावर. बारा वर्षांत इतकं सुंदर पडलेलं माझ्यावर कोणी नाही.

"अगं मेली की काय!" म्हणत दादा धावला. बूट न काढता! माझ्या काठावरच्या दोरीत त्याच्या बुटाचं टोक अडकलं आणि तो तोंडावर आला. घाबरून त्याने दोन्ही हात पुढे टेकले. "आई गं!" मनगट गेलं.

खुर्चीवाली केव्हाच उठून बसली होती. आवाजाच्या दिशेने ती सरळ त्याच्यापाशी गेली आणि तिने चाचपून पाहिलं. "हात टेकलास ना? टेकायचा नसतो रे, दादा."

नर्सबाईने तिथेच पट्टी बांधली. पट्टा काही मिळाला नाही, परीक्षक फॉर्मवर तसं लिहून निघून गेले. दादा माझ्यावरच बसून होता. मग म्हणाला, "पट्टा नाही मिळाला तुला."

"नाही मिळाला."

"आणि तुला काहीच लागलं नाही?"

"काहीच नाही."

त्याने आपल्या पट्टी बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. निघताना त्याला जिन्याचा कठडा धरता येईना. मग तिने त्याचं कोपर धरलं, आणि जिन्यावरून तिचा आवाज आला, "पायरी. आता दुसरी पायरी. सांभाळून, दादा."

पुढच्या वर्गाच्या दिवशी जिन्यावर फक्त काठीची टकटक ऐकू आली. खुर्चीवाली एकटी वर आली. आल्या आल्या तिने बोटांनी माझा फाटलेला कोपरा शोधला आणि वेत विणायच्या सुईने तो शिवून टाकला. टाके वाकडे नाहीत बरं का, पाहून घ्या हवं तर.

नारिंगी पट्टा तिला अजून मिळालेला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. सकाळच्या सभेवाले अजून बूट घालूनच येतात, माझी दोरीसुद्धा "उगाच पायात येते" म्हणून उपटायला निघाले आहेत. परवा त्यातल्याच एकाने खुर्चीवालीला पाहून "अरेरे" म्हटलं. मी काय करणार? पडून आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगते. माझ्यावर येताना बूट काढा. माझी दोरी राहू द्या, ती कोणाचा तरी रस्ता आहे. आणि समोर कोणीही असो, त्याला दिसो न दिसो, मुद्दाम पडू नका. मला ते लगेच कळतं. आणि त्यालाही कळतं.