तीळ कुठल्या गालावर?

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कारंज्याभोवती माणसं दाटली होती, मागचे टाचा उंचावून बघत होते आणि मधोमध काळ्या झग्यातले छायाबाबा गळ्यात दोन कॅमेरे अडकवून फेऱ्या मारत होते.

"मी कुणाला उभं करत नाही, हसा म्हणत नाही!" बाबांचा आवाज खणखणीत. "रस्त्यावर चालता चालता टिपतो. आत्मे पोज देत नाहीत, मंडळी! पूर्वी रीळ असायचं. रीळ संपलं की आत्मा बिचारा बाहेर ताटकळत. आता डिजिटल आलं, कार्डात जागाच जागा! जेवढे मेगापिक्सेल, तेवढा मोक्ष!"

लोकांनी माना डोलावल्या. तुम्ही आधी नाव आणि फोन नंबर नोंदवायचा, बाबा तुम्हाला बाजारात कुठेतरी टिपणार आणि दुसऱ्या दिवशी छापील फोटो हातात. त्यात तुमच्या खांद्यामागे तुमचं गेलेलं माणूस, धुरकट, पण ओळखू येण्याइतकं. एक दिवस मध्ये का जातो, हे कुणी विचारत नव्हतं. आत्म्याला उतरायला वेळ लागतो म्हणे.

गर्दीच्या कडेला फोटोवाली उभी होती. तिला सगळा भाग याच नावाने ओळखायचा. वर्षानुवर्षं ती याच रस्त्यांवर माणसांना त्यांच्या नकळत टिपत आली होती आणि जमलेले फोटो इंटरनेटवर टाकत होती. छायाबाबांचं ऐकून आधी तिला हसू आलं होतं. आता येत नव्हतं, कारण पहिल्या रांगेत तिची आई बसली होती.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता टाळू नका. तो आत फुगला, डोळ्यातला दाब वाढला, तर गेलेली नजर मलाही परत आणता येणार नाही." सोमवारी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आणि काल, शनिवारी, आई बाबांनी दिलेला फोटो छातीशी धरून घरी आली होती.

"तुझे अप्पा आलेत गं फोटोत! सगळे म्हणतात, हुबेहूब. बाबा म्हणाले, माझ्या डोळ्यावरची साय हीच त्यांची बैठक. तिथे हत्यार लागलं की ते कायमचे जातील. मी नाही जायची सोमवारी. हे छायाजल घालणार डोळ्यात." तिने पदराआडून एक बाटली काढली.

"आई, वेडी झालीस का? कसलं पाणी आहे ते तरी ठाऊक आहे?"

"तुला बाप नकोय वाटतं परत!"

ते वाक्य फोटोवालीच्या वर्मी बसलं. तिने फोटो हातात घेतला. आईच्या खांद्यामागून अप्पा खरंच हसत होते. पण अप्पा कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचे, जन्मभर. मग हे हसू तिने आधी कुठे पाहिलं होतं? तिने फोटो दिव्याखाली धरला. अप्पांच्या गालावरचा तीळ पाहिला आणि तिच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. तिने आपले जुने फोटो उघडले आणि त्यात हवा तो सापडला.

आईला तो दाखवून उपयोग नव्हता. तिला समोरचं माणूससुद्धा आवाजावरून ओळखावं लागत होतं.

म्हणून आज, रविवारी, फोटोवाली गर्दीतून वाट काढत थेट आईजवळ गेली.

"आई, अप्पांचा तीळ कुठल्या गालावर होता?"

"हा काय प्रश्न झाला? डाव्या. आजारपणात मीच दाढी करायचे त्यांची. तिथे ब्लेड किती जपून फिरवायचे, ते माझ्या हाताला ठाऊक आहे."

"मग बाबांच्या फोटोत तो उजव्या गालावर कसा?"

शेजारच्या बाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "अगंबाई, उजव्याच आहे की!"

गर्दीत कुजबुज झाली. छायाबाबा मात्र तयारीचे. "परलोकात सगळं उलटं असतं, मुली! डावं ते उजवं!"

"परलोकात नाही, न्हाव्याच्या दुकानात," फोटोवाली म्हणाली. तिने फोन वर धरला. पडद्यावर न्हाव्याची खुर्ची, पाठमोरे अप्पा आणि समोरच्या आरशात त्यांचा हसरा चेहरा. "हा फोटो मी काढलाय. आरशातला आहे, म्हणून तीळ उलटा. अप्पा गेले तेव्हा 'माझे अप्पा' असं लिहून मीच इंटरनेटवर टाकला होता. आईकडे फोन नाही, तिने नोंदणीला माझा नंबर दिला. नंबरावरून यांना मी सापडले आणि माझ्यावरून अप्पा. चेहरा कापला, पुसट केला, तिच्यामागे चिकटवला. एवढ्यासाठीच यांना एक दिवस लागतो."

"आणि मोतीबिंदूचं कसं कळलं त्यांना?" आईने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"रांगेत पाणी द्यायला येते ती गोड बाई यांचीच. तिच्याशी काय काय बोललीस, आठव."

"पाखंडी!" बाबा गरजले. "मेलेल्यांची थट्टा करतेस?"

"जिवंतांचीही करते." बोलता बोलता तिची बोटं फोनवर चालत होती, दोन फोटो एकमेकांवर चिकटवत. तिने पडदा लोकांकडे फिरवला. आई खुर्चीत बसलेली आणि तिच्या खांद्यामागे धुरकट, पांढुरके, तोंड उघडं टाकलेले साक्षात छायाबाबा. "बाबा, तुम्ही कधी वारलात? कळवलं नाहीत."

चौक हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "श्रद्धांजली वाहा रे!" हसण्याच्या गडबडीत बाबा झगा सावरत गाडीकडे सटकले.

एक बाई मात्र हसली नाही. तिच्या हातातल्या फोटोत तिच्यामागे तिचा लहान मुलगा होता. "तुला काय मिळालं हे करून?" ती फोटोवालीला म्हणाली. घरी परतताना फोटोवालीला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आईने आधी आरशातला फोटो मागितला आणि बराच वेळ पाहिला.

"कुणाकडे बघून हसतायत गं?"

"माझ्याकडे. आरशात मी दिसले त्यांना, कॅमेऱ्यासकट. तेवढं एकदाच तोंड फिरवलं नाही त्यांनी."

आई रडली नाही. डोळ्यांना पाणी लावायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बरं वाटल्यावर ती काळा चष्मा लावून चौकात गेली. छायाबाबा दुसऱ्या गावाला पळाले होते, पण ती बाई कारंज्यापाशी होती, फोटो घेऊन.

"पण हा माझाच आहे ना हो?" तिने आईला विचारलं.

आई तिच्याजवळ टेकली. "तुमचाच आहे. त्या भामट्याचा कधीच नव्हता. त्याने तुमच्याच घरातून उचलला आणि तुम्हालाच दान केला. माझे डोळे जात होते त्यापायी. पुन्हा कुणी असा चमत्कार हातावर ठेवला ना, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे तुझ्याकडे आलं कुठून?"