गुडघाभर पाणी

“रांगोळयेर पाय ठेवूचो नसता गो,” दाजी म्हणाले आणि घरापुढच्या खळ्यात थांबले ते थांबलेच.

आनंदीने कपाळावर हात मारला. सकाळी उठून तिनेच वडिलांसाठी खळ्यात त्या आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. उभा जन्म डुलत्या होडीत कशालाही न धरता उभे राहिलेले दाजी, वाडीच्या होड्यांचे तांडेल म्हणजे म्होरके, कंपवाताने आता घरच्या उंबऱ्यावर अडकत. कोल्हापूरच्या इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, “पायांत जोर आहे, पहिलं पाऊल सुटत नाही एवढंच. पुढ्यात रेघा आखा, एकेक ओलांडायला लावा. हात धरून ओढू नका. मागे उभ्या राहा, यांचा तोल मागेच जाईल.” रेघ म्हटल्यावर देवगडच्या शाळेत शिकवणाऱ्या आनंदीच्या हाती रांगोळीच आली.

मग तिने जाळ्याच्या जुन्या दोरीचे तुकडे अंथरले.

“जाळ्याची दोरी ओलांडतत? मास्तरीण झालंस, पण तांडेलाच्या चेडवाची अक्कल खंय गेली?”

“मगे काय घालू? माजो जीव?”

दाजी हसले. हल्ली त्यांचा चेहरा हलत नसे. हसू फक्त डोळ्यांत यायचं. शेवटी झावळीचे हीर, खराट्याच्या काड्या, मांडले, तेव्हा पाय सुटले.

गोवा मोकळं झाल्यानंतरची पहिली नारळी पौर्णिमा जवळ आली होती. मिठबावच्या त्यांच्या वाडीत समुद्राला नारळ तांडेलाने द्यायचा, तोही स्वतःच्या पायांनी गुडघाभर पाण्यात जाऊन. कुणी त्याला धरलं, तर नारळ दुसऱ्याच्या हाती जाई आणि नारळाबरोबर तांडेलकीही.

पुतण्या सत्यवान संध्याकाळी डोकावायचा. “काका, औंदा मी दितंय नारळ. तुमी वयर बसान बघा.”

“माजे पाय अजून माजे आसत रे.”

“आसत तर! खळ्यात हीर ओलांडतास. दर्यात हीर कोण घालतलो?”

“दर्याच घालतलो,” दाजी म्हणाले.

पौर्णिमेला वाडी किनाऱ्यावर जमली. ढोल थांबला. दाजींनी नारळ छातीशी धरला आणि ओल्या वाळूत त्यांचे पाय खिळले. तेवढ्यात फेसाची पांढरी रेघ सरकत त्यांच्या पुढ्यात आली. त्यांनी ती ओलांडली. मग तिच्यामागची. आनंदी हातभर अंतरावर मागे होती. आनंदाने ओरडावं असं तिला वाटत होतं. पाणी पोटऱ्यांच्या वर आलं. आता थोडंच राहिलं होतं.

मग लाट परतली. टाचांखालची वाळू निसटली. दाजी ताठच्या ताठ मागे कलू लागले.

आनंदीचे हात पुढे गेले आणि त्यांच्या कमरेपाशी येऊन हवेतच थांबले. सावरतील कदाचित. एवढ्या वेळा सावरलेत.

“धरू नकां गो,” दाजी पुटपुटले.

त्यांची पाठ तिच्याकडे येतच राहिली. तिने कंबर धरली.

दाजी उभे राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढची लाट आली, गेली. मग त्यांनी हाक मारली, “सत्यवाना, ये रे.”

सत्यवान पाणी तुडवत आला. खालच्या आवाजात म्हणाला, “काका, कोणी बघूक नाय. तुमीच द्या.”

“दर्यान बघल्यान.” दाजींनी नारळ पुढे केला. सत्यवानाने तो दोन्ही हातांनी घेतला. “फेकू नकां,” दाजी म्हणाले. “पाण्यात हळू सोड.”

सत्यवान पुढे गेला. ढोल पुन्हा वाजू लागला. दाजी नारळ दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. आनंदीने कमरेचे हात काढले नाहीत, आणि त्यांनीही ते काढायला सांगितले नाहीत.

घरी जाताना वाळूत दाजी अडले. आनंदी नेहमीसारखी मागे उभी राहिली. त्यांनी हात बाजूला लांबवला, तेव्हा ती पुढे आली आणि तिने तो धरला. इतके महिने ती त्यांच्या पायांकडेच बघत आली होती. वल्ह्यांनी पडलेले घट्टे त्या तळहातावर राहिले नव्हते.