बाहेरचं बटण

माणसामाणसांतलं अंतर विज्ञानाने कायमचं संपवलं आहे. आता कुणी कुणापासून दूर नाही. मनातलं ओठांवर यायचा अवकाश, की ते ज्याला पोहोचायचं त्याच्या कानात पोहोचलंच. हे विधान करणाऱ्या माणसाचा बिनतारी हेडसेट विकण्याचा धंदा होता, आणि ज्या दोन भावांना उद्देशून तो हे बोलत होता ते एकमेकांकडे पाठ करून उभे होते. थोरले खिडकीबाहेर बघत होते. धाकटा तव्याकडे बघत होता. तव्यावर तेव्हा काहीही नव्हतं.

दोघांचं मिळून खाण्याचं दुकान होतं, गाडीतून न उतरता घेऊन जायचं. गिऱ्हाईक गाडीसकट आवारात शिरायचं, पदार्थांच्या बोर्डाशेजारी एक खांब होता त्याच्याशी थांबायचं, खांबाला काय हवं ते सांगायचं आणि वळसा घालून खिडकीशी यायचं. तिथे पैसे द्यायचे, पुडकं घ्यायचं, चालू लागायचं. खांबातून जो आवाज यायचा तो थोरल्यांचा. ते आत एका केबिनमध्ये बसत. स्वयंपाकघर धाकट्याचं. खिडकीवर थोरल्यांची बायको असायची. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, म्हणून ब्रेडवाला म्हणू लागला, म्हणून गिऱ्हाइकंही म्हणू लागली. आता थोरलेही हिशेबाच्या वेळी 'वहिनींना विचारा' असं म्हणून जात आणि मग जीभ चावत.

दोघा भावांत अबोला होता. कारण अगदीच काही नव्हतं असं नाही. धाकट्याने अंडं आणि बटाटा घालून एक रोल काढला होता, आणि त्याला त्या रोलचा अभिमान होता. तो गुंडाळायला वेळ लागायचा. एका गाडीने रोल मागितला की मागच्या गाड्या रस्त्यापर्यंत जायच्या आणि समोरचा शिंपी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. थोरल्यांनी बोर्ड नव्याने रंगवून घेतला तेव्हा त्यावर रोल नव्हता. धाकट्याला हे सांगितलं एका गिऱ्हाइकाने. तेव्हापासून तो थोरल्यांशी बोलला नाही, आणि तो बोलत नाही हे लक्षात आल्यापासून थोरले त्याच्याशी बोलले नाहीत. थोरल्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला होता, त्यामुळे पहिले काही दिवस अबोला एकतर्फी चालला.

यात हाल झाले वहिनींच्या गुडघ्यांचे. पूर्वी थोरले केबिनमधून ओरडून सांगायचे, दोन सँडविच, एक सूप, आणि स्वयंपाकघरातून 'हो' यायचं. आता ते वहिनींना सांगत, वहिनी उठून स्वयंपाकघरात जात, तिथून 'ब्रेड कालचा आहे हे ब्रेड मागवणाऱ्याला कळवा' असा निरोप घेऊन केबिनमध्ये येत, आणि तोवर खिडकीशी गाडी हॉर्न वाजवत असे. ऑर्डर आणि टोमणा एकाच फेरीत न्यायच्या त्या. अखेर त्यांनीच हेडसेटवाल्याला बोलावलं. कारण सेवा जलद व्हावी हे सांगितलं.

त्याने तिघांच्या डोक्यांवर हेडसेट चढवले, कमरेला एकेक डबी लावली आणि दोन बटणं समजावली. आतलं बटण दाबून बोललं तर ते फक्त आतल्या तिघांच्या कानात. बाहेरचं दाबून बोललं तर ते खांबातून गिऱ्हाइकाला ऐकू जाणार, शिवाय आतल्या तिघांनाही. म्हणजे गिऱ्हाइकाशी काय ठरलं ते स्वयंपाकघराला वेगळं सांगायला नको. मग तो म्हणाला, आता दोघं भाऊ एकमेकांशी बोलून बघा.

"पुढचं दाखवा," वहिनी म्हणाल्या.

आठवडाभर थोरल्यांनी यंत्राचा अभ्यास केला आणि त्यांना त्यातलं मर्म सापडलं. आतलं बटण दाबणं म्हणजे भावाशी बोलणं, म्हणजे हार. बाहेरचं बटण दाबणं म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं, म्हणजे धंदा. आता गिऱ्हाइकाशी बोलताना ते तिसऱ्याच्या कानावर पडत असेल, तर त्याला थोरले काय करणार? लेकी बोले सुने लागे ही म्हण पिढ्यान् पिढ्या चालत आली, पण तिला साजेशी यंत्रसामग्री या दुकानात पहिल्यांदाच आली.

गिऱ्हाईक म्हणायचं, एक चीज सँडविच. थोरले बाहेरचं बटण दाबून म्हणायचे, "एक चीज सँडविच. आणि कसं आहे साहेब, चीज आम्ही पसरून घालतो. काही लोक एकाच कोपऱ्यात टाकून मोकळे होतात, पण तो संस्काराचा भाग झाला." साहेब जरा गोंधळून खांबाकडे बघायचे. लगेच त्याच खांबातून दुसरा, तरुण आवाज यायचा. धाकट्याच्या कमरेलाही डबी होतीच. "साहेब, चीजची पिशवी भरलेली असली तर पसरता येतं. ती भरलेली ठेवणं कुणाचं काम आहे ते मी सांगणार नाही. तुम्ही पाहुणे आहात."

नवी गिऱ्हाइकं बिचकायची. एकदोघांनी घाबरून जास्तीचं मागवलं. पण माणूस कशालाही सरावतो. रोजचा एक टॅक्सीवाला होता, तो इंजिन बंद करून हनुवटी हातावर टेकवून ऐकायचा, मग शांतपणे विचारायचा, "झालं का तुमचं?" खांब म्हणायचा, "झालं." "मग एक कॉफी." एक नर्सबाई ड्यूटीवर जाताना न चुकता धाकट्याची बाजू घ्यायच्या आणि त्यांचं सूप जरा जास्तच भरून यायचं. एकंदरीत सेवा खरोखरच जलद झाली. वहिनींचे गुडघे सुधारले. त्या कानात दोन्ही आवाज घेऊन खिडकीत बसायच्या आणि तोंडाने फक्त 'धन्यवाद' म्हणायच्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकट्याने दुकान सोडायचं ठरवलं.

दोन्ही बिऱ्हाडं दुकानाच्या वरच राहत, जेवण एकत्र. धाकट्याची बायको बँकेत होती, दुकानाच्या राजकारणाबाहेर, त्यामुळे घरात निरोप द्यायचं काम तिच्याकडे. तिने भात वाढता वाढता सांगितलं की चौकात एक गाळा मिळतोय, यांचं तिथे स्वतःचं काहीतरी सुरू करायचं चाललंय. ज्याचं चाललं होतं तो समोरच बसून लोणचं शोधत होता. थोरले "बरं" म्हणाले. मग त्यांनी दुधी भोपळ्याची भाजी दोनदा मागून घेतली. आयुष्यात त्यांनी ती कधी एकदाही मागून घेतली नव्हती. वहिनींनी हे पाहिलं आणि भाजीचं भांडं मुकाट्याने त्यांच्याजवळ सरकवलं.

थोरल्यांना त्याने जायला नको होतं. तव्यावर दुसरा माणूस ठेवता आला असता, प्रश्न तो नव्हता. वडील गेले तेव्हा हा धाकटा शाळेत होता, आणि त्याच्या डब्यासाठी थोरले रोज एकच पदार्थ करायचे, कारण त्यांना तेवढाच यायचा. धाकटा वैतागून स्वतः तव्याशी उभा राहिला. दुकान तिथून निघालं. आता तोच चौकात जाऊन दुसऱ्या कुठल्यातरी खांबातून बोलणार, आणि आपण इथे बसून गिऱ्हाइकाला चीजबद्दल सांगणार ते ऐकायला कोण, हे थोरल्यांना कळेना.

वहिनींनी एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर आपला हेडसेट काढला, नवऱ्याचाही काढला आणि समोर बसल्या.

"अहो, एक शब्द आहे. राहा. दोन अक्षरं. बोलून टाका."

थोरले म्हणाले, मी थोरला आहे. मोडेन पण वाकणार नाही हे आमच्या घराण्यातच आहे.

"घराण्यातले सगळे कंबरदुखीने गेले," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीवर गेल्या.

धाकट्याचा शेवटचा शनिवार आला. रविवारी तो आपली भांडी हलवणार होता. दुपारची गर्दी ऐन भरात होती आणि थोरले सकाळपासून गिऱ्हाइकांशी नुसतं गिऱ्हाइकांसारखं बोलत होते. एकही टोमणा नाही. टॅक्सीवाल्याने तर विचारलं, तब्येत बरी नाही का?

तेवढ्यात खांबाशी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी येऊन उभी राहिली. हा मास्तर आपल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला एकदा तरी इथे आणायचा, कारण खांबाला न घासता त्याच्या जवळ गाडी लावणं हा त्याच्या मते अभ्यासक्रमाचा गाभा होता. आज चाकामागे एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी गाडी खांबापाशी अचूक आणली, आनंदाने क्लच सोडला, आणि गाडी बंद पडली.

बाई म्हणाल्या, दोन कॉफी. थोरल्यांनी बाहेरचं बटण दाबलं आणि म्हणाले, दोन कॉफी. मग त्यांचं बोट बटणावरून निघालंच नाही.

"बाई, नवीन शिकताय का?"

बाई हो म्हणाल्या.

"शिका. शिकावं माणसाने. मी आता या वयात शिकलो, की बोर्डावरून एखादा पदार्थ काढायचा असला तर ज्याने तो शोधला त्याला आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही. गाड्यांची रांग बघत बसलो. रांग काय, ती उद्याही असते."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, आरशात बघा, हे परीक्षेत नाही. आत वहिनींच्या हातात कुणाची तरी सुटी नाणी होती. ती त्यांनी हातातच ठेवली.

खांबातून दुसरा आवाज आला. "बाई, त्यांना विचारा, हे सुचायला एवढे दिवस का लागले?"

बाई सरळ स्वभावाच्या होत्या. त्यांनी काच आणखी खाली केली आणि खांबाला विचारलं, "ते विचारतायत, एवढे दिवस का लागले?"

"बाई, सांगा, आमच्याकडे सगळ्यालाच वेळ लागतो. एकट्या रोललाच लागायचा असं नाही."

तव्यावर काहीतरी चरचरत होतं ते तिघांच्याही कानात ऐकू येत होतं, म्हणजे धाकट्याचं बोट अजून बटणावरच होतं. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. समोरचा शिंपी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बाईंनी घाबरून किल्ली फिरवली, गाडीने एक आचका दिला आणि पुन्हा जागच्या जागी बसली.

"जायचं नाही," थोरले म्हणाले.

बाईंनी आज्ञाधारकपणे हँडब्रेक ओढला. मास्तरांनी डोळे मिटले.

थोरल्यांना आपली चूक कळली. बाहेरच्या बटणावर बोललेलं गिऱ्हाइकालाच लागू होणार. त्यांनी खाली पाहिलं, बोट उचललं आणि दुसऱ्या, आतल्या बटणावर ठेवलं. घेतल्या दिवसापासून ते बटण त्यांनी दाबलं नव्हतं. ते जरा कडक होतं.

"राहा," ते म्हणाले.

हे बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. बाई खांबाकडे बघत पुढच्या सूचनेची वाट पाहत होत्या. वहिनींनी नाणी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली, आणि ती जास्त गेली असणार, कारण गिऱ्हाईक एकदम निघून गेलं.

मग आतल्या बटणावरून उत्तर आलं.

"दादा, कांदा संपत आलाय."

थोरले उठले. हेडसेट कानावर तसाच ठेवून ते मागच्या खोलीत गेले, कांद्याची पिशवी खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात आले आणि तव्याशेजारी ठेवली. धाकट्याने बाजूला सरकून जागा दिली. धाकट्याने सुरी पुढे केली आणि थोरले कांदा कापायला उभे राहिले. त्यांना तो नीट कापता येत नव्हता, आणि धाकट्याने ते त्यांना तोंडावर सांगितलं. बाहेर मास्तर आणि मागचे दोन ड्रायव्हर मिळून गाडी खिडकीपर्यंत ढकलत आणत होते. वहिनींनी बाईंना कॉफीबरोबर बिस्किटांचा पुडा दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

रविवारी भांडी हलली नाहीत. सोमवारी रंगारी आला आणि बोर्डावर सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, रोल लिहून गेला. गाड्यांची रांग पुन्हा रस्त्यापर्यंत जाऊ लागली. 'राहा' म्हणणं सोपं असतं, नुसता मनाचा मोठेपणा लागतो, असं थोरले टॅक्सीवाल्याला दोनदा सांगून बसले, बाहेरच्या बटणावरून. धाकट्याने मध्ये तोंड घातलं नाही.

चौकातला गाळा मालकाने आदल्या शुक्रवारीच एका चष्म्याच्या दुकानाला देऊन टाकला होता, आणि ते धाकट्याला तेव्हाच कळवलं होतं.