काळ्या कडेचं वर्तुळ

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी कापडाखाली झाकलेला तो जुना मायक्रोस्कोप म्हणजे मी. मला पाहायच्या दोन जागा आहेत. दोघे जण समोरासमोर बसून एकच काचपट्टी पाहू शकतात. माझ्याखाली येत ते मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांचे पातळ काप.

माझ्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांना सगळे 'बाई' म्हणत. डोळ्यातल्या पडद्याच्या पेशी मरत का जातात, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. कारण घरातलंच होतं. थोरल्या भावाची नजर कडेकडून मिटत आली होती. एकदा तो माझ्यावर हात फिरवत बाईंना म्हणाला, "ठमे, मेल्यावर माझे डोळे ह्याच्याखाली घाल. जन्मभर माझ्यावर डोळे वटारलेस, तेव्हा तरी नीट बघ."

"दादा, गप्प बस हं!"

तो गेला आणि त्याचे डोळे खरंच माझ्याखाली आले. बाई ती काचपट्टी रोज लावत. खाली भावाचा विझलेला पडदा, वर बहिणीचा डोळा, मधे मी. दोन्हीकडे तोच आजार होता, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

माझ्यातून उजेडाचं एक वर्तुळ दिसतं; भोवती काळोख असतोच. बाई फसल्या त्या इथेच. वर्तुळ आक्रसत गेलं, तरी त्यांना ती माझीच काळी कड वाटली. त्यांनी माझी भिंगं पुसली, दिवा बदलला, मला दुरुस्तीला धाडलं. मी ठणठणीत होतो, पण मला तोंड नव्हतं.

एका दुपारी समोर बसलेले सहकारी डॉक्टर म्हणाले, "बाई, शोधनिबंधात दादांच्या पडद्यात एकही पेशी शाबूत नाही असं लिहिलंयत. मग हा पुंजका?"

"कुठला?"

"हा काय, डावीकडे."

"तिकडे तर काळंच आहे."

"काय चेष्टा करताय!" ते हसले. मग त्यांचं हसू तोंडातच राहिलं.

बाईंनी मान वर केली नाही. तशाच त्या म्हणाल्या, "दादा सांगायचा, बाजूला सावल्या हलतात म्हणून. मी म्हणायचे, भास होतात तुला. खरंच दिसत होतं त्याला." मग काचपट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवत म्हणाल्या, "निबंध छापायला गेलाय, तो थांबवा. माझ्या सगळ्या काचपट्ट्या तुम्ही पुन्हा पाहा."

"बाई, आयुष्य घातलंत ह्यात."

"म्हणूनच."

आता डॉक्टर पाहतात आणि बाई डोळे मिटून ऐकतात. मधेच विचारतात, "आणि त्याच्या पलीकडे?"

मित्रांनो, भिंगावरची धूळ दिसते तरी. स्वतःची नजर आखडते ती कळत नाही. तेव्हा डोळे वेळेवर तपासून घ्या. आणि घरातलं कुणी म्हणालं, "तिथे काहीतरी हलतंय," तर त्याला वेड्यात काढू नका. ते माणूस असेपर्यंतच त्याला विचारा, काय दिसतंय.