सर्जाचे केस गेले कुठे

मखमलाबादच्या गोरक्षला बाकी काहीही शिकवा, पण जनावर कसं ओळखावं हे शिकवायला जाऊ नका. बैल असो, गाय असो, शेळी असो, दात बघून आणि पाठीवरून हात फिरवून हा माणूस वय, जात, स्वभाव सगळं घडाघडा सांगणार, आणि समोरच्याने मान डोलावेपर्यंत त्याला सोडणार नाही. त्यामुळे दसऱ्याला बाजारातून दोन पांढरे ससे घेताना त्याने दुकानदाराला तोंडच उघडू दिलं नाही. दोघांना उताणं करून पाहिलं आणि फर्मान काढलं, "दोन्ही नर. भाऊ-भाऊ आहेत." दुकानदार काहीतरी सांगू पाहत होता, पण गोरक्षपुढे त्याचं काय चालणार! मग त्याच्या लेकीने, आरोहीने, नावंही बैलजोडीची ठेवली. सर्जा आणि राजा.

आता ससे का आणले तेही सांगितलं पाहिजे, कारण गोरक्ष स्वतः ते कधी सांगणार नाही. मागच्या वर्षी आरोही शाळेत गेलेली असताना त्याने तिचा लाडका बोकड विकून टाकला, आणि वर सांगितलं, तो मामाच्या गावाला चरायला गेलाय. आठ दिवसांनी मामाचाच फोन आला आणि बिंग फुटलं. दहा वर्षांची पोर, पण दोन महिने बापाशी एक शब्द बोलली नाही. शेजारी जेवायला बसली तरी भिंतीकडे बघून म्हणायची, "आई, पप्पांना सांग, थोडं सरका." गोरक्ष त्या दोन महिन्यांत वाळून अर्धा झाला. सरळ सांगायचं तर ससे म्हणजे त्याचा माफीनामा होता.

भाऊबीजेला त्याची बायको सुवर्णा आरोहीला घेऊन माहेरी चांदवडला निघाली, चांगली बारा दिवसांसाठी. निघताना आरोहीने वहीचं पान फाडून पिंजऱ्याच्या वर भिंतीला चिकटवलं. त्यावर पाच नियम होते. पहिल्या नियमाखाली दोन रेघा ओढलेल्या: फवारलेला पाला घालायचा नाही.

"पप्पा, लक्षात राहील ना?"

"अगं, मला शेती शिकवतेस का?"

"राहील का ते सांगा."

"राहील बाई, राहील. हा कानाला खडा!"

पाच दिवस त्याने लांबच्या बांधावरून हिरवं गवत कापून आणलं, आणि पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून सशांना घरभर फिरू दिलं. सहाव्या दिवशी तुळशीच्या लग्नाच्या फुलांची तोडणी सुरू झाली, बाया वावरात खोळंबल्या, आणि बांध लांब. घराशेजारीच कोबीचा वाफा होता. दोनच दिवसांपूर्वी त्यावर औषध मारलेलं. गोरक्षने इकडेतिकडे पाहिलं, चार पानं तोडली, नळाखाली खसाखसा धुतली आणि पिंजऱ्यात टाकली. चार पानांनी काय होतंय, असं तो स्वतःशीच म्हणाला. सशांनी ती मिटक्या मारत संपवली.

आठव्या दिवशी सकाळी सर्जाच्या छातीवर टक्कल!

हनुवटीखाली तळहाताएवढी जागा गुळगुळीत, कातडी गुलाबी. दुपारपर्यंत टक्कल पोटाकडे सरकलं. आणि गंमत म्हणजे गळलेले केस कुठेच नाहीत! पिंजऱ्यात नाहीत, ओसरीवर नाहीत, केरसुणीला एक चिकटेल तर शपथ. गोरक्षने बराच विचार केला आणि निदान करून टाकलं. केस विरघळले. औषधाने केस विरघळले! राजाने तोच कोबी खाल्ला होता आणि त्याचा एक केस वाकडा झाला नव्हता, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मग त्याने जे केलं ते शेतकऱ्याशिवाय कुणी करणार नाही. पिकावर काही दिसलं की आधी फोटो, मग ग्रुप, ही हाताला लागलेली सवय. टकलाचा अगदी जवळून फोटो काढला आणि फुलशेतीच्या ग्रुपवर टाकला: "हे काय आहे? अर्जंट उपाय सांगा."

दहा मिनिटांत मंडळी तुटून पडली.

"बुरशी आहे. गंधक धुरळा."

"पाणी जास्त झालंय. दोन दिवस ताण द्या."

"गोरक्षभाऊ, लागवड कधीची?"

ससा आहे म्हणावं तर गावभर होणार, आणि गावातून चांदवडला पोचायला कितीसा वेळ? गोरक्षने निमूट टाइप केलं, "दसऱ्याची."

"मग शेंडे खुडा. नवी फूट येईल."

गोरक्षने फोन खिशात कोंबला आणि सर्जाला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हशी तपासणारे. त्यांनी चष्मा पुसून ससा पाहिला. "सशांचं मी फार पाहिलेलं नाही. नर का मादी?" म्हणत त्याला उलटा करू लागले.

"नर आहे डॉक्टर. मी बघूनच घेतलाय," गोरक्षने हात आडवा घातला.

"बरं. खाण्यात काही वेगळं आलं?"

आता बघा, इथे खरं बोलायला जागा होती. पण गोरक्ष म्हणाला, "नाही."

"मग घाबरला असेल. मोकळाच राहू द्या, दोन दिवस वाट बघा."

घरी येऊन गोरक्षने सर्जाला परत मोकळं सोडलं. तेवढंच त्याच्या हातात होतं. बोकडाचं एक खोटं, डॉक्टरांपुढचं दुसरं. पोरगी आता दोन महिने नाही, दोन वर्षं बोलणार नाही, या विचाराने त्याला भाकरी गिळेना.

त्यात त्याच्या आईचा, नवसाबाईचा, वेगळाच ताप. म्हातारीने आषाढापासून लाख वाती वळायचा नवस बोलला होता. त्रिपुरी पौर्णिमेला त्या देवापुढे उजळायच्या. टोमॅटोच्या क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरून तिने त्यात कापूस आणि वातींच्या जुड्या ठेवल्या होत्या, आणि क्रेट तिच्या खाटेखाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यातलाच कापूस घेऊन देवापुढे दिवा लावला, तर वात तडतडली आणि घरभर जळक्या केसांचा वास सुटला.

"गोरख्या! तूप कुठनं आणलं रे मेल्या? भेसळीचं हाय हे! देवाला बी फसवितो?"

"आये, चांगल्या दुकानातलं आहे."

"मंग वास कशाचा येतो? तुझ्या कर्माचा?"

गोरक्षलाही तसंच वाटत होतं. दशमीला वाती पुऱ्या झाल्या. क्रेटवर फडकं टाकून नवसाबाईने जाहीर केलं, "आता पुनवेशिवाय हात लावायचा नाय कुणी."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी सुवर्णा आणि आरोही आल्या. पोरीने चप्पल काढण्याआधी हाक मारली, "सर्जा! राजा!" राजा धावत आला. मागून सर्जा आला, उघड्या छातीचा.

आरोही जागीच थांबली. तिने आधी सर्जाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, मग बापाकडे. बोकडाच्या वेळीही तिने असंच पाहिलं होतं. गोरक्षने तोंड उघडलं तेव्हा त्याच्या जिभेवर तीन खोटी तयार होती. मांजर आलं होतं, हवा बदलली, डॉक्टर म्हणाले घाबरलाय. पण पोरीचे डोळे भरून आलेले दिसले आणि त्याच्याने एकही बोलवेना.

"आरू, मी फवारलेला कोबी घातला," तो म्हणाला. "चार पानं. बांध लांब होता म्हणून. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खोटं बोललो. चुकलं माझं."

सुवर्णाने कपाळावर हात मारला. आणि नेमकी त्याच वेळी आतून नवसाबाईची किंकाळी आली, "अगं बया! माझ्या वाती हलायल्या!"

सगळे आत धावले. उद्यासाठी जुड्या मोजायला म्हातारीने क्रेट बाहेर ओढला होता. फडकं बाजूला पडलं होतं. लाख वातींच्या मधोमध एक खोलगट घरटं, त्यात छातीवरून उपटलेले मऊ पांढरे केस गच्च भरलेले, आणि केसांत अंगठ्याएवढी सहा गुलाबी पिल्लं वळवळत होती. सर्जा सगळ्यांच्या पायांतून वाट काढत आला आणि खाटेखालून पिल्लांकडे बघत बसला. बसली म्हणायला पाहिजे.

सुवर्णाने पिल्लांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "भाऊ-भाऊ ना?"

नवसाबाई तर खाटेवरच बसली. "आणि मी कापूस समजून दिव्यात केस जाळिले! तूप चांगलं होतं की रे गोरख्या." मग पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली, ती थांबेचना. तिच्यामागे सुवर्णा हसली. गोरक्षलाही हसू येत होतं, पण तो आरोहीकडे बघत होता.

आरोही क्रेटपाशी बसली होती. पिल्लांना हात न लावता मोजून झाल्यावर ती वळली. "म्हणजे कोबीने काहीच झालं नव्हतं?"

"नाही वाटतं," गोरक्ष म्हणाला.

"पण घातला होताच."

"घातला होता."

"मग तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं."

गोरक्षने यावर विचार केला. खरंच की! आणखी अर्धं मिनिट गप्प राहिला असता तर सुटला असता. "नसतं कळलं," तो म्हणाला.

आरोही उठली, भिंतीवरचा कागद काढून आणला आणि पेनासकट त्याच्या हातात दिला. "सहावा नियम तुम्ही लिहा."

पिल्लांखालच्या वाती आता गेल्याच होत्या. नवसाबाईने हिशेब करून गोरक्षसमोर कापसाचा ढीग आपटला आणि बजावलं, उद्यापर्यंत तीन हजार वळायच्या, हात धुऊन बस. तेव्हा त्याने आधी कागद मांडीवर घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं: जनावर नर का मादी, हे पप्पांना विचारायचं नाही.

आरोहीने ते दोनदा वाचलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग ती हात धुऊन आली, बापाच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि भिंतीकडे नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, थोडं सरका."