पेरू कापण्याइतका चाकू

माझ्या चाकूला घाबरून एक बाई रजयांच्या ढिगात पडल्या आणि त्याची शिक्षा म्हणून मला ऑफिसात बसवलं. बाईंना काही लागलं नाही. रजयांत पडून कुणाला काय लागणार? पण त्या गिऱ्हाईक कंपनीच्या प्रतिनिधी होत्या, पहिल्यांदाच पानिपतला आल्या होत्या, आणि मी त्यांच्यासमोर खिशातून चाकू काढून खटाक्कन उघडला होता. खोकं फोडायला उघडला होता, पण हे त्यांना सांगेपर्यंत त्या ढिगात पोचल्या होत्या.

माझं काम माल तपासण्याचं. नोएडातल्या आमच्या कंपनीमार्फत परदेशातली दुकानं पानिपतहून रजया, गालिचे, उशांचे अभ्रे मागवतात. माल रवाना होण्याआधी मी कारखान्यात जाते, मनाला येईल ते खोकं फोडते, एखादी शिवण उसवून आतला कापूस बघते. चाकूशिवाय हे होत नाही. खोक्याची प्लॅस्टिकची पट्टी कात्रीला दाद देत नाही. पात्याचे तुकडे मोडत वापरायचा तो कटर कारखान्यात न्यायला बंदी, कारण मोडलेला तुकडा रजईत राहिला तर ती पांघरणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे एका पात्याचा, घडीचा चाकू. माझा चाकू माझ्या नवऱ्याने, राजीवने, वाढदिवसाला दिलेला होता. काळाकुट्ट, वीतभर, एका झटक्यात उघडणारा. मला तो फार आवडायचा, खोटं कशाला बोलू.

आमच्या एचआरच्या क्षिप्राने मला गोड आवाजात समजावलं. ती मूळची पुण्याची, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलते, रागवायचं असलं तरी.

"मॅम, चाकू नकोच असं कुणी म्हणत नाहीये. बट समोरच्याला अनसेफ वाटायला नको ना. बघून कुणी दचकणार नाही असा शोधा आणि मला दाखवा. महिनाअखेरपर्यंत नाही मिळाला तर पानिपतच्या राउंड कायमच्या तुमच्या टीममधल्या सुधन्वाकडे जातील. तुम्ही इथे बसून फोटोवरून रिपोर्ट करा."

फोटोवरून रजई तपासायची म्हणजे फोटोवरून आमटी चाखायची. मी हे क्षिप्राला बोलून दाखवलं. ती हसली आणि मला खुर्ची दाखवली.

घरी मी ही गोष्ट बाबांपासून लपवून ठेवली होती. बाबा म्हणजे माझे सासरे, गुणवंतराव. केंद्र सरकारच्या एका खात्यात खरेदी विभागात सगळी नोकरी काढली, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर आमच्याकडे नोएडाला राहायला आले. माझं पानिपतला जाणं त्यांना लग्नापासून खुपत होतं. हायवे, ट्रक, थंडीतलं धुकं. जायच्या आदल्या संध्याकाळी पेपराआडून एकच प्रश्न यायचा, "जायलाच हवं का?" त्यावरून आमची इतकी भांडणं झाली आहेत की राजीव तो प्रश्न ऐकला की गॅलरीत निघून जातो. आता माझ्या राउंड बंद झाल्याचं कळलं तर बाबा खूशच होणार, आणि ती खुशी मला बघवणार नाही, अशी माझी खात्री होती.

कळायचं ते कळलंच. राजीवच्या पोटात काही राहत नाही. बाबांनी नुसतं पेपराचं पान उलटलं आणि मला जास्तच राग आला.

रोज संध्याकाळी मी सहाच्या ठोक्याला घरी येऊ लागले. चहा घ्यायचा, फोन बघत बसायचं. राजीव इंटरनेटवर चाकू शोधून दाखवायचा. सगळे दातेरी, नाही तर मुठीवर कवटी.

"यार, हा बघ, डिस्काउंट आहे."

"राजीव, मला वाघ मारायचा नाहीये."

शनिवारी सकाळी बाबा स्वेटर घालून, मफलर गुंडाळून दारात उभे. "कुमुद, चल. करोल बागेत जाऊन येऊ. तीन दुकानं बघायची. एकाच दुकानात जाऊन कुणी खरेदी करत नाही."

मी फोन ठेवला. मग चप्पल घातली.

मेट्रोत त्यांनी मला चाकूबद्दल असे प्रश्न विचारले, जणू सरकारला दहा हजार नग घ्यायचे आहेत. कापायचं काय? पट्टी किती जाड? शिवण उसवताना टोक लागतं का? टोक लागत नाही, धार लागते, हे मला त्यांनी विचारल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. वीतभर पात्यातलं चार बोटं पातंसुद्धा मी कधी वापरलं नव्हतं. बाकीचं नुसतं रुबाबासाठी.

पहिल्या दुकानात सगळं बटणाचं होतं. "बटणाचा नको," बाबा मला म्हणाले. "आवाज झाला की माणूस दचकतो." दुसऱ्या दुकानातल्या सरदारजींनी विचारलं, "अंकल, काम क्या है?"

"काम काटने का है," बाबा म्हणाले, "मगर देखके किसी को डर नहीं लगना चाहिए."

"तो चम्मच ले जाओ, अंकल."

मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण बाबा हसत होते. मोकळं, आवाज करून. आई गेल्यानंतर ते तसे हसलेले मला आठवत नाहीत. मग मीही हसले, आणि सरदारजींनी आम्हाला बसवून चहा पाजला.

चाकू मिळाला तो गाड्यांच्या सीट कव्हरच्या गल्लीत, एका अरुंद हार्डवेअरच्या दुकानात. हळदीच्या रंगाची लाकडी मूठ, पातं माझ्या तर्जनीएवढं, टोक टोचणारं नाही, खाली वाकलेलं. उघडायला पात्यावर नखापुरती खाच. दोन्ही हात लावल्याशिवाय उघडत नाही आणि उघडताना हूं की चूं करत नाही. बाबांनी दुकानदाराकडून प्लॅस्टिकची पट्टी मागून घेतली आणि कापून बघितली. एका ओढीत तुटली. मी हात पुढे केला, तर बाबांनी चाकू मिटून स्वतःच्या खिशात टाकला.

"आधी सॅम्पल पास होऊ दे."

सॅम्पल पास करायची त्यांची पद्धत अशी: रोज दुपारी सोसायटीच्या बागेत, उन्हातल्या बाकावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत पेरू कापायचा. कोण थांबतं, कोण मागे सरकतं, हे बघायचं. संध्याकाळी ते मला अहवाल देत. पहिल्या दिवशी कुणी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनने फोड मागितली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मल्होत्राबाई, ज्या लिफ्टमध्ये कुत्रं दिसलं तरी किंचाळतात, त्या तिखटमीठ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाई साहब, ज़रा पतला काटिए."

"पास," बाबा म्हणाले. चाकू त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

आमच्या घरात चाकू हातातून हातात देत नाहीत. मीठ, मिरची, कात्री, चाकू खाली ठेवायचं, मग दुसऱ्याने उचलायचं. नाही तर भांडण होतं. हा माझ्या सासूबाईंचा, अहिल्याबाईंचा नियम. त्या गेल्या तरी बाबा तो कसोशीने पाळायचे. नियम पाळूनही आमची भांडणं व्हायची ती व्हायचीच, हे वेगळं.

सोमवारी मी क्षिप्राच्या टेबलाशी उभी राहून आलेलं एक पार्सल फोडलं. तिने मान वर केली नाही. पट्टी कापली, चिकटपट्टी कापली, नमुने बाहेर काढले. तेव्हा ती म्हणाली, "मॅम, माझं पण एक पार्सल पडलंय, प्लीज कापून देता?"

मी कापून दिलं. मग म्हणाले, "हा चाकू दाखवायला आले होते."

"कुठला चाकू?" असं म्हणून तिने माझ्या मागे बघितलं.

गुरुवारी मी पानिपतला गेले. धागे कापणाऱ्या बायकांच्या हॉलमध्ये मी खिशात हात घातला की आधी सगळ्या गप्प व्हायच्या. मला वाटायचं, मान देतात. या वेळी मी रजई उसवत असताना त्यांच्या गप्पा चालूच राहिल्या. त्यातली पार्वती वाकून चाकू बघून म्हणाली, "मैडम, ये तो बड़ा प्यारा है." इतक्या वर्षांत ती माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

राहिलेला माल बघायला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. घरी पोचले तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला.

"हं. सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"नेहमी सांगतेस ते. कुठला कारखाना, कोण काय म्हणालं, कुठला रंग उतरला. राजीवला सांगतेस ना, जेवताना." ते मफलरशी चाळा करत होते. "तू ऑफिसात बसत होतीस, तेव्हा घरात काही आलंच नाही बाहेरून. मला वाटायचं मी पेपर वाचतो. मी वाचत नव्हतो, तुझं ऐकत होतो."

ज्या माणसाला माझं जाणं बंद व्हायला हवंय असं मी धरून चालले होते, तो माझ्यासाठी थंडीत बागेत बसून पेरू कापत होता. "बाबा," मी म्हणाले, "तुमच्यामुळे माझं काम मला परत मिळालं. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"उपकार कसले? आण तो चाकू. पुसून ठेवतो, चिकटपट्टीचा डिंक बसला असेल."

मी चाकू मिटला आणि टेबलावर ठेवायला वाकले. बाबांनी तळहात पुढे केला.

"हातात दे."

"आई म्हणायच्या, भांडण होतं."

"आपलं जेवढं व्हायचं होतं तेवढं होऊन गेलं, कुमुद. तिला मी सांगेन."

मी चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी पातं उघडून तेलाच्या फडक्याने पुसलं, मिटलं, आणि मूठ पुढे करून माझ्या हातात परत दिला. मग पेपर उचलला, उघडला, आणि त्याच्याआडून विचारलं, "उद्या गाडी किती वाजता येणार?"