एक्केचाळीस नंबरची ठेवण

इनेझने एक्केचाळीस नंबरचा फोटो तिसऱ्यांदा टेबलावर ठेवला, त्यावर पातळ ट्रेसिंग कागद चिकटवला आणि टोकदार पेन्सिलीने बिंदू मांडायला घेतले. कानाचं भोक. नाकाचं मूळ. वरच्या ओठाची कड. हनुवटीचं टोक. जबड्याचा कोन. एका चेहऱ्यावर असे तेरा बिंदू. आधीच्या दोन कागदांशी ताडून पाहिलं, तर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. म्हणजे चूक हाताची नव्हती.

ती मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत असे. राहायला मात्र विरारजवळच्या नंदाखाललाच, आईवडिलांच्या मागे उरलेल्या घरात, एकटी. माणसांच्या चेहऱ्याची ठेवण किती आणि कशी वेगवेगळी असते हे आकड्यांत मांडायचं, हा तिच्या पीएचडीचा विषय. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात विरारच्या स्टुडिओतल्या आग्नेलने चर्चच्या हॉलमध्ये कॅमेरा लावून गावातल्या एकशे बारा प्रौढ माणसांचे एका बाजूने फोटो काढले. ओळखीमुळे हात वाहवू नये म्हणून तिने त्याच्याकडून डोळे आणि केस काळ्या पट्टीने झाकून घेतले होते. फोटोवर फक्त नंबर. नावं वेगळ्या वहीत, आणि ती वही कपाटात.

कृती तशी साधी होती. सगळे चेहरे आधी एका मापाचे करायचे, मग एकावर एक ठेवून, बिंदूवर बिंदू होईल तितका बसेपर्यंत फिरवायचे. लहानमोठेपणा निघून गेला, मान वर होती की खाली तेही गेलं, की मागे उरते ती ठेवण. त्या सगळ्यांची सरासरी काढली की एक असा चेहरा तयार होई, जो गावात कुणाचाच नव्हता. मग प्रत्येक जण त्यापासून किती लांब आहे ते मोजायचं. दुसऱ्या एका संस्थेतल्या संगणकावरून तीन आठवड्यांनी आकडे हाती आले होते. एकशे अकरा माणसं त्या सरासरीभोवती दाटीवाटीने बसली होती. एक्केचाळीस नंबर एकटाच लांब उभा होता.

तिचे मार्गदर्शक डॉ. सबनीस यांनी कागदावर एक नजर टाकली.

"असा एखादा असतोच. काढून टाका. एकामुळे सगळी सरासरी ओढली जाते."

"कारण कळल्याशिवाय कसा काढू, सर?"

"कारण शोधणं हा तुमचा विषय नाही, बाई."

तिने मान हलवली. घरी येऊन चपला काढल्या, हात धुतले आणि कपाटातून वही काढली. एक्केचाळीस: गॅब्रिएल, वय अडतीस, बागायतदार.

गॅब्रिएल तिच्या धाकट्या बहिणीचा, फ्लॉसीचा नवरा. गेली नऊ वर्षं दर रविवारी मिस्सा झाली की इनेझ त्यांच्याकडे जेवायला जाई आणि त्याच्या समोरच्याच खुर्चीवर बसे.

त्या रविवारीही ती तिथेच बसली. गॅब्रिएल भात कालवत होता आणि ती त्याच्याकडे पाहत होती. घास चावताना खालचे दात वरच्यांच्या पुढे येत होते. पुढच्या दातांमध्ये फटी पडल्या होत्या. जबडा खाली उतरला होता, भुवयांचं हाड वर आलं होतं. हे सगळं तिला आत्ता दिसत होतं, आणि मागच्या रविवारी दिसलं नव्हतं.

"लग्नाची अंगठी कुठे गेली रे?" तिने विचारलं.

"सोनाराकडून कापून घेतली, दोन वर्षं झाली. बोटं जाड झाली, इनेझबाय. चपलाही दोन नंबर मोठ्या लागतात आता." तो हसला. "बागेत राबून राबून हातपाय पसरतात आमचे."

"डोकं दुखतं?"

"दुखतं की. उन्हात असतो ना दिवसभर."

"आणि परवा सायकल सरळ बैलगाडीवर घातली," फ्लॉसी ताटात वाढता वाढता म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "म्हणे बाजूने गाडी येताना दिसलीच नाही."

इनेझचा हात ताटातच थांबला.

"फ्लॉसी, तुमच्या लग्नाचा आल्बम दे जरा."

"कशाला?" फ्लॉसीचा आवाज एकदम चढला. मग तिने हात पदराला पुसले आणि आतून आल्बम आणून दिला.

चर्चच्या रजिस्टरवर सही करताना कुणीतरी गॅब्रिएलचा एका बाजूने फोटो काढला होता. मान खाली होती, पण कागदावर मान फिरवता येते. इनेझने तो फोटो घरी नेला, मोठा करून घेतला, तेरा बिंदू मांडले आणि दोन संध्याकाळी बसून कॅल्क्युलेटरवर हाताने गणित केलं. प्रौढ माणसाची ठेवण नऊ वर्षांत जागची फारशी हलत नाही. लग्नातला गॅब्रिएल त्या एकशे अकरांच्या गर्दीत होता, सरासरीच्या बराच जवळ. तिथून तो एकटाच चालत बाहेर गेला होता.

ती बागेत गेली तेव्हा तो केळीची वाळकी पानं कापत होता. तिने सरळ सांगितलं. डोक्यात, डोळ्यांच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचा रस जास्त सुटतो, हाडं आणि हातपाय पुन्हा वाढायला लागतात. तसंच असावं असं वाटतंय, तपासून घ्यायला हवं.

गॅब्रिएलने कोयता खाली ठेवला.

"मरणार का मी?"

"वेळेत ऑपरेशन झालं तर त्याची भीती कमी. पण थांबलास तर आधी नजर जाईल. जायला लागलीच आहे."

"फ्लॉसीला काय सांगू?"

"मी सांगते."

फ्लॉसीने सगळं उभ्याने ऐकलं. गाठीबद्दल तिने काही विचारलं नाही.

"म्हणजे चेहरा खरंच बदललाय?"

"हो."

"तुझ्या आकड्यांत दिसतंय?"

"दिसतंय."

ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. इनेझला वाटलं, रडत असेल.

मुंबईच्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं आणि नोव्हेंबरमधली तारीख दिली. डॉ. सबनीसांनी हकिगत ऐकून चष्मा पुसला. "मग तर काढलाच पाहिजे. आपण निरोगी माणसांमधला फरक मोजतोय," ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. इनेझने सरासरी पुन्हा काढली. प्रबंधात एकशे अकरा चेहरे राहिले.

ऑपरेशन नाकावाटे झालं, चार तास चाललं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, गाठ निघाली आहे, नजर बहुतेक सुधारेल. ते गेल्यावर दोघी बहिणी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसल्या. इनेझने थर्मासमधला चहा ओतून दिला. फ्लॉसीने कप हातात धरून ठेवला.

"चेहरा परत पहिल्यासारखा होईल?"

"नाही. हाडं मागे जात नाहीत. सूज थोडी उतरेल. आता आहे तिथे थांबेल."

फ्लॉसीने मान डोलावली. वॉर्डबॉय एक रिकामी ट्रॉली ढकलत समोरून गेला.

"दर वर्षी उपवासकाळात मी कुमसाराला जाते," ती म्हणाली. "फादरांना एकच पाप सांगते. पाच वर्षं झाली."

इनेझने थर्मासचं झाकण लावलं.

"सकाळी उठले की शेजारी कोणी परका माणूस झोपलाय असं वाटायचं. आवाजसुद्धा त्याचा नाही. मला वाटायचं, माझंच मन फिरलं. चांगला नवरा आहे, दारू नाही, मारत नाही, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. मी विनीच्या खोलीत झोपायला लागले. त्याला म्हटलं, पोरगी घाबरते एकटी." तिने चहाकडे पाहिलं. "फादर दर वेळी सांगायचे, नवऱ्यासाठी प्रार्थना कर. मी स्वतःसाठीच करायचे."

इनेझच्या पर्समध्ये नोंदींची वही होती. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी विचारलं होतं, बदल कधी सुरू झाला. गॅब्रिएलला सांगता आलं नव्हतं, इनेझलाही नाही. फ्लॉसीला कुणी विचारलंच नव्हतं.

"पहिल्यांदा कधी वाटलं तुला?" तिने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तरचा नाताळ." फ्लॉसीला आठवावं लागलं नाही. "बाळ येशूच्या गोठ्यापुढे मेणबत्ती लावत होता. मी बाजूने पाहिलं."

इनेझने वही उघडली नाही.

"तू बरोबर पाहिलं होतंस," ती म्हणाली. "नऊ वर्षं मी समोर बसून जेवले. मला दिसलं नाही."

परिचारिकेने दार उघडून एकीलाच आत यायची खूण केली. फ्लॉसीने न प्यायलेला चहा इनेझच्या हातात दिला आणि उठली. दाराच्या काचेतून इनेझला दिसत होतं. गॅब्रिएलच्या नाकात बोळे होते, डोळे मिटलेले होते. फ्लॉसीने स्टूल ओढलं, खाटेला लागून बसली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. कपाळापासून सुरुवात करून सावकाश खाली, एकही जागा न सोडता, जसं गावात नव्याने आलेल्या माणसाकडे बघतात.